बहात्तरचा दुष्काळ काढलेल्या आई-आज्या

माळरान (धागाकर्ता)

परवा गावी घर आवरत होतो. माळ्यावर मोडक्या पाळण्याच्या मागे आजीचं बियाण्याचं मडकं सापडलं. तोंड शेणामातीनं लिंपलेलं आणि लिंपणावर तिची चार बोटं उमटलेली. आजी २०१७ साली गेली. लिंपण फोडायचा धीर झाला नाही. खाली आणून ओसरीवर ठेवलं आणि मी नि आई चहा गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसलो. म्हणून हा धागा.

आमचं गाव सांगोल्याच्या बाजूचं. तिकडची मुख्य पेरणी रब्बीची, हस्ताच्या पावसावरची ज्वारी. १९७० आणि ७१ला पावसानं हात आखडलाच होता, ७२ला तो फिरकलाच नाही. पेरायला ओल नव्हती. आजी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. पदरात तीन पोरं, माझे वडील त्यातले मधले. आजोबा जनावरं घेऊन छावणीला, आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. उजव्या हातात हातोडी, डाव्या हातानं दगड धरलेला. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत चपटं होतं, पैशावर रूळ फिरवावा तसं. लहानपणी आम्ही ते नख बघायला मागायचो आणि तीही कौतुकानं अंगठा पुढं करायची.

तर मडकं. घरात आदल्या सुगीची मालदांडी ज्वारी बियाणं म्हणून ठेवलेली होती. राख आणि कडुनिंबाचा पाला घालून, तोंड लिंपून. कणगीतलं धान्य संपलं, उसनवारी संपली, पोरं रात्री रडायला लागली. आजोबा म्हणाले, दळून टाक. आजी म्हणाली, "बी खाल्लं तर पेरायचं काय?" दोघांचं तीन दिवस बोलणं बंद होतं म्हणे. मडकं तिनं उतरंडीतून काढून स्वतःच्या अंथरुणाच्या उशाशी आणलं, म्हणजे रात्री कुणी हात लावला तर कळेल.

मला जास्त आठवते ती दुसरी गोष्ट. कामावरून परत येताना ती वाट वाकडी करून आमच्या रानातून यायची आणि ढासळलेल्या बांधाचे चार-पाच दगड परत रचायची. रोज. दिवसभर दगड फोडून आल्यावर पुन्हा दगड! ढेकळं तापलेली, आभाळ कोरडं ठक्क, पेरणीचा पत्ता नाही आणि ही बांध घालतेय. चुलत आजी हसायची. त्यावर आजीचं म्हणणं : "पानी आलं आन् बांध फुटका असला, तर काय त्याला थांब म्हणायचं?"

७३ला पाऊस आला. मडक्याचं लिंपण फुटलं, ज्वारी पेरली. ही आशा या बायका कुठून आणत होत्या? तुमच्या घरातल्या कुणी बहात्तर काढलाय का? लिहा.

---

सांजकाळ

सुरेख धागा. अंगठ्याचं वाचून थबकले.

माझ्या आईच्या तोंडी बहात्तरचा एकच शब्द : मिलो. रेशनवरची ती लाल अमेरिकन ज्वारी. आपल्या ज्वारीसारखा चिकटपणा नाही, भाकरी थापली की फाटायची, तव्यावर टाकेपर्यंत तिचे चार तुकडे. आई तेव्हा बारा वर्षांची, घरात थोरली, त्यामुळे भाकरी तिच्याकडे. तिनं आधी पाण्याला आधण आणून उकड काढायची युक्ती शोधली आणि मग जरा बरी भाकरी पडायला लागली. आळीतल्या बायका ती शिकायला तिच्याकडे यायच्या. आजही सांगताना तिला भुकेचं दुःख आठवत नाही, बारा वर्षांच्या पोरीकडे मोठ्या बायका शिकायला आल्या याचाच तोरा असतो!

---

बाराखडी

वाचतोय. थोडी माहितीची भर घालतो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचा प्रतिसाद गाठावा.

मे १९७३च्या सुमाराला राज्यभरच्या दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. त्यात बायका प्रचंड संख्येनं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यात 'मागेल त्याला काम' ही कल्पना छोट्या प्रमाणावर करून पाहिली होती. ७२ला तिची राज्यासाठी योजना झाली, १९७७ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. पुढं २००५मध्ये देशभरासाठी जो रोजगार हमीचा कायदा आला त्याचं मूळ हे. नोकरदारांच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ला याच रोजगार हमी योजनेच्या (रोहयोच्या) खर्चासाठी सुरू झाला. पगारपत्रकावर तो आकडा दिसला की मला खडीचे ढीग आठवतात.

सांगायचा मुद्दा हा की माळरान यांच्या आजीची आशा हवेतली नव्हती. हजेरीपटावर नाव होतं, आठवड्याला पैसे येत होते, थोडे का होईना. काम मिळत होतं म्हणून बियाणं राखता आलं. त्या आधीच्या शतकातल्या दुष्काळांत अशाच खंबीर आज्या असणार, पण त्या मेल्या.

---

रिकामटेकडा

बाराखडी, शेवटचं वाक्य जोरदार.

अवांतर : काँग्रेस गवत त्या मिलोबरोबरच आलं ना? आमच्याकडे सगळे तसंच सांगतात.

---

बाराखडी

नाही हो. गाजरगवताची, म्हणजे या काँग्रेस गवताचीच, पुण्यातली नोंद पन्नासच्या दशकातली आहे, म्हणजे मिलोच्या बरीच आधीची. बाहेरून आलेल्या धान्याबरोबर आलं हे खरं मानलं जातं, पण ते आधीच्या गव्हाबरोबर. मिलोच्या माथी बरीच पापं मारली गेली आहेत, त्यातलं हे एक. चवीचं पाप मात्र त्याचंच.

---

पाचवा मजला

आमची आई गावाकडची नाही, मुंबईची, गिरणगावातल्या चाळीतली. दुष्काळ तिथं पोचला तो रेशनच्या रांगेतून. गोडेतेल नाही, रॉकेल नाही, रवा दिसेनासा झालेला. आणि गावाकडून आलेले नातेवाईक : दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा आणि वर काकांचं अख्खं बिऱ्हाड.

त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांनी वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांना एकत्र आणून महागाईविरोधी समिती काढली होती. लाटणं मोर्चे, थाळीनाद हे सगळं तेव्हाचं. आमच्या आईनं तोवर सभा नावाची गोष्ट गणपतीच्या मांडवात सोडून कुठं पाहिली नव्हती. शेजारच्या वहिनींनी विचारलं, येतेस का? आईनं पोळ्या उरकल्या, लाटणं धुतलं, पिशवीत घातलं आणि गेली. वडील कामावरून आले तर घरात लाटणं नाही आणि बायकोही नाही. रात्री आली ती घोषणा देऊन बसलेल्या आवाजात बोलत, हातात मेथीची जुडी. परतीच्या वाटेवर स्वस्त मिळाली म्हणून.

त्या लाटण्याच्या एका टोकाला चीर आहे. कशानं पडली ते आई दर वेळी वेगळं सांगते. मी लहान असताना ते पोलिसाच्या लाठीवर आपटलं होतं. आता, ब्याऐंशीव्या वर्षी, ती म्हणते की बसच्या दांड्यावर आपटलं असेल. मला पहिलीच आवृत्ती आवडते.

ती आशावादी होती का? माहीत नाही. पण "काही होणार नाही" हे वाक्य तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. "जाऊन तर बघू" हे रोज.

---

कडूजहर

सगळ्यांच्या आठवणी सुंदर आहेत, पण मला गोड बोलवत नाही.

माझी आईची आई बीडकडची. बहात्तरच्या उन्हाळ्यात तिची दोन वर्षांची मुलगी हगवणीनं गेली. दवाखाना लांब, दुसऱ्या दिवशी हजेरी बुडेल म्हणून एक दिवस थांबली होती. हे तिनं कधी सांगितलं नाही, आईला मोठ्या मावशीकडून कळलं. आजी हसरी नव्हती. "होईल चांगलं" असं कधी म्हणाली नाही. कुणी म्हणालं की मावशी, किती सोसलंत तुम्ही, तर उठून आत जायची.

ती गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली. नऊवारी दोन, फोटो एक, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या वाळक्या भाकरीच्या चतकोरी. एकवीस. मोजल्या आम्ही. पन्नास वर्षांत घरात धान्याला कमी नव्हतं, मामा चांगल्या नोकरीत. तरी ती रोजच्या जेवणातली थोडी भाकरी बाजूला ठेवत होती, जुनी झाली की गाईला घालून नवीन ठेवत होती. याला तुम्ही आशा म्हणणार का? मला तर ती भीती वाटते, पन्नास वर्षं न गेलेली.

आणि राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या बाळंतपणानंतर मी पाय दुखतात म्हणाले, तर सासरी ऐकवलं गेलं : आमच्या आजी सकाळी बाळंत झाल्या नि संध्याकाळी भांगलायला गेल्या. कौतुक त्या आजीचं, पण ऐकवायचं मला. त्यांच्या सोशिकपणाचे गोडवे गायचे म्हणजे पुढच्या बाईनं तोंड उघडायचं नाही, अशी सोय झाली आहे ही. त्या बायकांना दुसरा मार्ग नव्हता हो. मार्ग असता तर त्यांनीही सुट्टी घेतली असती.

---

रिकामटेकडा

+१ कडूजहर. एकवीस वाचून काही सुचेना.

---

शेवंता

मी सत्तरीची आहे, नातवाकडून टायपिंग शिकलेय, चुका संभाळून घ्या. बहात्तरला मी सतरा वर्षांची होते आणि आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर होते. तेव्हा मी ऐकीव नाही, पाहिलेलं सांगते.

कडूजहर, तुझं खरं आहे, बाळा. आमच्याही गँगमध्ये मुलं गेली. एक बाई तर दुपारी पुरून आली आणि तिसऱ्या दिवशी पाटी उचलायला हजर. तिच्याकडे कुणी बघायचं नाही, हीच काय ती तिला दिलेली सवलत. आता वाटतं, कुणी जवळ घ्यायला हवं होतं.

पण रोजच रडत होतो असंही नव्हतं. उलट त्या एका वर्षात जितकी हसले तितकी नंतर सासरी दहा वर्षांत हसले नाही. पन्नास-साठ बाया एके ठिकाणी, डोक्यावर सासू नाही! मुकादमाच्या चालण्याची नक्कल करणारी एक होती. तो मागं फिरला की ही सरळ व्हायची आणि आम्ही पदर तोंडात कोंबायचो. शेजारी खडीचं काम चालायचं, तिथं ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर माप. बाया ढिगाच्या पोटात चांगले मोठे धोंडे ठेवून वरून खडी रचायच्या. मुकादमही काही दुधखुळा नव्हता, काठी खुपसून बघायचा. खट्ट वाजलं की ढीग मोडायला लावायचा. मग बायांनी धोंडे खाली ठेवून मधे भुसभुशीत मुरुमाचा थर द्यायला सुरुवात केली, काठी तिथंच थांबायची. लबाडी होती, हो होती. पण पोटात धोंडा असलेल्या ढिगाचा पगार पोटात अन्न म्हणून जात होता, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

कामावर एका म्हातारीला पोरं सांभाळायला बसवलं होतं. बाभळीला लुगड्याच्या दोन झोळ्या, बाकीची खाली धुळीत. सुकडी, म्हणजे पोरांचा सरकारी कोरडा खाऊ, यायची दुपारी, तीही तीच वाटायची. तिची स्वतःची नातवंडं त्यात होती, पण त्यांना शेवटी. आम्ही तिची परीक्षा घ्यायचो, लपून बघायचो. कधी चुकली नाही.

आणि माझ्या आईचं एक सांगते. पगाराच्या दिवशी कामावर कासार यायचा. पैसे कुठं येतात ते त्याला बरोबर कळायचं. तिसऱ्या की चौथ्या पगाराला आईनं बांगड्या भरल्या, हिरव्या, दोन्ही हातांत डझनभर. घरी आजी जी भडकली! घरात दाणा नाही आणि ही बांगड्या भरून येते. आई शांतपणे म्हणाली, "उघडा हात बघून पाऊस येतोय व्हय?" आजी गप्प. दुसऱ्या दिवशी दगडावर दोन फुटल्या, पण बाकीच्या बऱ्याच टिकल्या.

म्हणून म्हणते, दुसरा मार्ग नव्हता हे खरंच, पण त्या एका मार्गावर कसं चालायचं ते ज्याचं त्यानं ठरवलेलं होतं. कुणी बांगड्या भरून, कुणी दात खाऊन. तुझ्या आजीनं दात खाऊन काढलं. त्यालाही मी नमस्कारच करीन. सासरच्यांना मात्र सांग, भांगलायला गेलेल्या त्या आजीला विचारलं होतं का, जायचंय का म्हणून?

---

पाचवा मजला

शेवंताताई, दंडवत. "उघडा हात बघून" हे घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. आई म्हणाली, ही बाई आमच्या मोर्चात हवी होती.

---

बाराखडी

ताई, झोळी आणि म्हातारीवरून आठवलं. रोहयोच्या तरतुदींत पुढं कामाच्या ठिकाणी सावली, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी पाळणाघर हे आलं. कागदावर तरी. तुमच्या त्या आजीचं काम कायद्यात नंतर शिरलं असं म्हणायला हरकत नाही.

एक प्रश्न, पगार कुणाच्या हातात पडायचा? अंगठा बाईचा आणि पैसे नवऱ्याकडे असं बऱ्याच ठिकाणचं ऐकलंय.

---

शेवंता

आमच्याकडे दोन्ही तऱ्हा होत्या. माझे वडील सरळ होते. शेजारच्या घरी मात्र नवरा पगाराच्या दिवशी बरोबर हजर, एरवी आठवडाभर दिसायचा नाही. त्या बाईनं मग मुकादमाला सांगून हजेरी सासूच्या नावावर लावून घेतली. सासूपुढं त्याची टाप नव्हती. सासवाही कधी कामाला येतात.

---

माळरान

दोन दिवस सगळे प्रतिसाद परत परत वाचतोय. कडूजहर, तुमच्या प्रतिसादानंतर मी माझ्याच धाग्याकडे जरा संशयानं बघायला लागलो. खरं सांगायचं तर मी आजीची सोयीची बाजू लिहिली. तीच आजी आगपेटीतल्या काड्या मोजून ठेवायची. ताटात शीत राहिलं तर आम्हाला फटका पडायचा, आणि तो लटका नसायचा. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं, ते टीव्हीवर बघताना ती म्हणाली, "आमच्या टायमाला हिरीला पानी हुतं, दाणा न्हवता. आता दाणा हाय, पानी न्हाय." एवढं म्हणून उठली आणि घरातलं प्रत्येक भांडं पाण्यानं भरून ठेवलं, अगदी देवाची वाटीसुद्धा. नळाला पाणी चालू असताना.

त्या तीन दिवसांच्या अबोल्यात पोरांचं काय झालं हेही मी कधी विचारलं नव्हतं. काल वडिलांना विचारलं. म्हणाले, "उपाशी होतो. मी तिच्या उशाशी हात घातला होता एकदा. तिनं मनगट धरलं, मारलं नाही. धरूनच झोपली." मग उठून बाहेर गेले. साठ ओलांडलेला माणूस. बियाणं वाचलं याचा त्यांना अभिमान आहे की नाही, हे मी पुढं विचारलं नाही.

---

कडूजहर

धन्यवाद, माळरान. हे लिहिणं सोपं नव्हतं.

शेवंताताई, ते सासरी सांगितलं. तुमचं नाव न घेता. बराच वेळ शांतता होती, मग सासूबाई म्हणाल्या की खरंतर त्या आजी दोन महिने अंथरुणाला खिळल्या होत्या त्यानंतर. हे इतकी वर्षं कुणी बोललंच नव्हतं.

---

पाभर

मला एकच विचारायचंय. मडक्यातलं बी बघितलं का? उगवण तपासा. शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, दुसरं ओलं गोणपाट वर घालून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल राखा. पाच-सहा दिवसांनी उघडून कोंब आलेले मोजा. सत्तरच्या पुढं असतील तर पेरायला चांगलं.

---

रिकामटेकडा

उघडाच आता. उत्सुकता ताणू नका.

---

माळरान

उघडलं.

राख, पाल्याचा चुरा आणि ज्वारी. वरचे दाणे सोंड्यांनी पोखरलेले, तळाचे दिसायला ठीक. पाभर यांनी सांगितलं तसंच केलं. शंभर मोजले, गोणपाट भिजवलं, सहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. आज उघडलं.

एकही नाही. थोडी बुरशी आली होती, बस.

मी गोणपाट हातात घेऊन अंगणात उभा होतो, चेहरा पडलेला असणार, कारण आई हसायलाच लागली. म्हणाली, "अरे, इतक्या वर्षांचं बी कुठं उगवतंय? आत्याबाई दर सुगीला जुनं काढून कोंबड्यांना टाकायच्या आणि नवीन भरायच्या. हे शेवटचं राहिलं तेवढं." मग मडकं घासून, धुऊन तिनं उन्हात पालथं घातलं. संध्याकाळी बघतो तर वडील शेजाऱ्यांच्या बांधावर उभे, यंदा मालदांडी कुणी केलीय याची चौकशी करत.

लिंपणाचा तो बोटांचा तुकडा मी ठेवलाय. वाळून त्याचे दोन भाग झाले, एकात तीन बोटं आहेत, एकात एक.